सिमेंटच्या बैलांना आवतण

पुतळा आधी पाठीकडून पाहायचा, हा काकूंचा नियम होता. समोरून पाहणाऱ्याला त्या पाहुणा म्हणत. "पाहुण्याले बैठकीत बसवतेत. घरचा माणूस मांगच्या दारानं येते," असं म्हणून त्या पोरांची दोरी ओढत सरळ पुतळ्याच्या मागच्या बाजूला चालू लागत. मग तिथं गवत असो, चिखल असो, की पंक्चरवाल्यानं मांडलेलं दुकान असो.

काकू आमच्या घरमालकीण. स्टेशनकडच्या गल्लीत त्यांचं घर, त्यातली मागची खोली आणि अर्धी पडवी आमच्याकडे भाड्यानं. माझा नवरा मालाचा ऑटो चालवतो, मी पापड-शेवया करते. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मी कुणाशी बोलत नसे. दुकानातसुद्धा वस्तूकडे बोट दाखवून काम भागवायची. काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अवं, तुले जीभ हाये का नाई?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "हाये म्हणते, अन् दाखवत नाई. राहू दे. कामी पडन तवा काढजो."

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर त्यांची शिट्टी आणि लाल-हिरवी झेंडी काकूंकडे राहिली. कशी राहिली ते मी विचारलं नाही. पुतळे मागून पाहायची खोड यजमानांपासूनच लागली असावी. "आमचे साहेब जिंदगीभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले," त्या सांगत. "पुढं डायवरले दिसते ते येणारं. गार्डाले दिसते ते झालेलं. तेच पुरं दिसते."

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी जेवून पोरं काकूंच्या ओट्यावर जमत. विहिरीचा एक जुना दोर होता, त्याला काकूंनी हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. एका गाठीला एक पोर. पुढचं टोक काकूंच्या हातात, शेवटची गाठ माझी. "तू आमचा गार्डाचा डबा," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला ते बरं वाटलं. मागे राहिलं की कुणी आपल्याकडे पाहत नाही. माझी पूर्वा तेव्हा पहिलीत होती. तिला सोडायला म्हणून मी गेले आणि त्या गाठीला कायमची बांधली गेले.

काकू शिट्टी वाजवत आणि आमची गाडी निघे, शहरातले पुतळे आणि चित्रं पाहायला. गल्लीतली माणसं चेष्टा करायची.

"काकू, गाडी आज लेट हाय का?"

"लेट नाई. तूच पटरीवर उभा हायेस. हट."

मोठा रस्ता ओलांडताना तर बघायलाच नको. काकू मधोमध उभ्या राहून लाल झेंडी धरत. एकदा गुरांची ढेप विकणाऱ्या शेठचा भरलेला ट्रक त्यांनी असाच थांबवला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून विचारलं, "अम्मा, ये क्या चल रहा है?"

"पॅसेंजर है," काकू म्हणाल्या. "एक्सप्रेस रुकेगी."

मागे शेठ स्वतः मोटारीत होते. ते उतरून आले, हातवारे करून बोलले. काकूंनी शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हापासून शेठ त्यांना दुरून पाहून रस्ता बदलायचे.

आता कुणी म्हणेल, आमच्या शहरात पाहण्यासारखं आहे काय? मलाही असंच वाटे. पाहायचं ते शेगावला, नाहीतर मलकापूरहून गाडी धरून मुंबईला. पण बस डेपोच्या कोपऱ्यात तिथल्या मेकॅनिक लोकांनी भंगारातून एक जिराफ उभा केला आहे. त्याच्याजवळून मी कितीदा एसटी धरली असेल. टाकीवर चढायची जुनी शिडी उभी करून ठेवली आहे, असं मी समजत होते. काकूंनी पोरांना त्याच्या मागं नेलं. "हात लावा. आता सांगा, हे आधी काय होतं?" पोरं बोटं फिरवत राहिली. सायलेन्सर सापडला, सीटची स्प्रिंग सापडली, दाराची कडी सापडली. आदेश नावाचा एक चुणचुणीत पोरगा होता, त्यानं शेपटी ओळखली. "काकू, ही कंडक्टरच्या घंटीची दोरी हाये!" तेव्हा कुठं काकूंनी सगळ्यांना समोरच्या बाजूला आणलं.

मग दुसरा नियम. समोर आल्यावर एकच प्रश्न: "हा काय पाहून राह्यला?"

पुतळा कुणाचा, कुणी केला, हे त्या कधी विचारत नसत. तो काय पाहतो एवढंच विचारायचं, आणि मग त्याच्या नजरेच्या दिशेनं चालत जाऊन ते शोधायचं. जिराफ डेपोच्या भिंतीवरून पलीकडच्या हॉटेलातल्या कढईकडे पाहत होता. सगळी गाडी तिथं पोचली. हॉटेलवाला गोंधळला.

"तुमच्या कचोरीवर जिराफाची नजर हाये," काकू त्याला म्हणाल्या. "म्हणलं पोरांले दाखवावं कशी असते."

त्यानं हसत दोन कचोऱ्या कुस्करून प्रत्येकाच्या हातावर थोडी थोडी ठेवली. एक घास त्यानं कागदात बांधून दिला, जिराफासाठी. तो आम्ही खरोखर नेऊन ठेवला.

बाजार समितीच्या दारावर कापसाचं मोठं पांढरं बोंड आहे. पोरांना ते आइस्क्रीम वाटायचं, आणि काकूंनी कधी दुरुस्त केलं नाही. रेल्वेच्या बोगद्यात भिंतीवर मोर काढला आहे, त्याचे पाय गवतात लपवलेले. "काऊन लपवले?" काकूंनी विचारलं. पोरं म्हणाली, त्याला लाज वाटते. पूर्वा म्हणाली, "पेंटरले पाय काढता येत नसन." काकूंनी तिची पाठ थोपटली. "हुशार पेंटर हाये. जे येत नाई त्याच्यावर गवत उगवलं. आपण तं त्याच्यावर चिखल उडवतो." बागेत पेंग्विनच्या आकाराची कचरापेटी आहे. तिला मागून पाहायला गेलो तर मागून ती फुटलेली, आणि आत कुत्रीची पिलं. त्या दिवशी पेंग्विन काय पाहतो हे विचारायचं राहूनच गेलं.

काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. तो त्यांनी लपवला नाही, त्याचं कौतुकही केलं नाही. नळीतून पाहावं तसं त्यांना समोरचं तेवढं दिसे, आजूबाजूचं सगळं अंधारलेलं. म्हणून पुतळ्यासमोर उभं राहिलं की त्या मागं वळून मला हाक मारत. "गार्ड! काय दिसते ते सांग." सगळ्या पोरांसमोर बोलायचं म्हणजे माझ्या कानांपर्यंत रक्त चढे. पहिल्यांदा नाक्यावर मी नुसतं "झाड" म्हणाले.

"कशाचं झाड?"

"लिंबाचं."

"एकटंच हाये का त्याच्याखाली कोणी?"

"म्हातारा हाये. बिडी पिऊन राह्यला."

"पाह्य, आली ना जीभ बाहेर," त्या म्हणाल्या आणि पोरं हसली. ते हसणं मला लागलं नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. पुढं पुढं मी आठवडाभर वाटेनं जाता-येता पाहून ठेवू लागले, शनिवारी सांगायला.

काकूंचं सगळ्यात आवडतं ठिकाण नाक्यावरचं. तिथं सिमेंटची बैलजोडी आहे, मागं वखर धरलेला शेतकरी. बैलांची तोंडं तेव्हा गावाबाहेर, येणाऱ्या रस्त्याकडे होती. आणि डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर एक हात उमटलेला आहे. ओलं सिमेंट असताना कारागिराचा तोल गेला असेल, त्यानं हात टेकला असेल, आणि मग मागं कोण पाहतं म्हणून तसाच ठेवला असेल. पाचही बोटं स्पष्ट. प्रत्येक पोर त्यात आपला हात ठेवून पाही. कुणाचाच पुरत नसे.

"समोरून त्यानं जे दाखवाचं ते दाखवलं," काकू म्हणत. "मांगून तो सोता राहून गेला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." गल्लीतल्या पोरांच्या घरी बैल कुठले? गावाकडेही ट्रॅक्टर आले. म्हणून काकूंनी सिमेंटच्या बैलांची खांदशेकणी सुरू केली. शिडी लावून पोरं वर चढायची, खांद्याला हळद लावायची. आवतण मात्र समोर उभं राहून द्यायचं. काकू सरळ समोरून करत असं हे एकच काम. आवतण दिल्यावर त्या सगळ्यांना गप्प उभं करायच्या.

"आता काय?" आदेश विचारायचा.

"थांब. त्याईले इचार करू दे."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आम्ही जायचो. शहरात हसणारे हसत, पण मला तरी बैलांना आवतण पोचलं नाही असं कधी वाटलं नाही.

मग नाक्यावरचा रस्ता रुंद झाला. बैलजोडी क्रेननं उचलून बाजूला ठेवली, पुढं वळणावर नवा चौथरा बांधला आणि त्यावर बसवून दिली. बसवणारे बाहेरगावचे होते. ट्रकमधून जशी उतरली तशी त्यांनी ठेवली आणि गेले. आम्ही शनिवारी गेलो तर बैलांची तोंडं शेठच्या ढेपीच्या गोदामाच्या भिंतीकडे. भिंत आणि चौथरा यांच्यामध्ये एका अंगणाएवढी जागा, आणि ती जागा लोकांनी आडोसा म्हणून वापरायला सुरुवात केलेली. गावात शिरणाऱ्याला आता आधी शेपट्या दिसत.

नाक्यावरचा चहावाला म्हणाला, "काकू, बैलाले ढेप पाह्यजे होती, म्हणून फिरले."

काकू हसल्या नाहीत. पोरांना त्यांनी नेहमीसारखं आधी मागं उभं केलं, हात ठेवू दिले, मग समोर नेलं. आणि नेहमीचा प्रश्न विचारला. काय पाहून राह्यले?

पोरं खुसखुसू लागली. शेवटी आदेश म्हणाला, "काकू, ते लोकाईले मुतताना पाहून राह्यले!"

सगळी पोरं फुटली. काकूंनी मला विचारलं, "खरं हाये का?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. परतताना शिट्टी वाजली नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. फोन काकू मोठ्या आवाजावर लावत, त्यामुळे मला पडवीत ऐकू आलं. "आई, आता मी काही ऐकणार नाही. डोळ्यांवर नीट उपचार व्हायला हवेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी येतोय, सण झाला की तुला घेऊन निघतो. कायमचं." काकू म्हणाल्या, "येतो. पण बैल असे ठेवून नाई येत." मुलाला काय कळणार? तो म्हणाला, "कुठले बैल?"

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर आमची गाडी नगरपालिकेत गेली. सगळी पोरं, दोरासकट, साहेबांच्या टेबलापर्यंत.

"अर्ज आणलाय का?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता.

"अर्ज टेबलावर चढते अन् झोपते," काकू म्हणाल्या. "म्या लेकरं आणली. हे झोपत नाईत."

साहेब म्हणाले, चौथऱ्यात लोखंड भरलं आहे, मोठी क्रेन लागेल, आता काही जमणार नाही, पुढच्या वर्षी पाहू.

"साहेब, तुमची खुर्ची कोणी भितीकडं तोंड करून ठेवली तं पुढच्या सालापावतर बसान का तुमी?"

साहेब हसले, पोरांना गोळ्या दिल्या. क्रेन काही दिली नाही. काकू पुन्हा गेल्या, आणखी एकदा गेल्या. गोळ्या मिळत राहिल्या. आदेश तर म्हणू लागला, "काकू, आता कदी जाचं हापिसात?"

पोळा जवळ आला. एका शनिवारी पोरं ओट्यावर जमली, पण काकू बाहेर आल्या नाहीत. मी आत गेले. त्या पलंगावर दोर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकेक गाठ चाचपत. मला म्हणाल्या, "अवं, आवतण द्याचं तं कुठं उभं राहून द्याचं? त्या घाणीत? अन् ते काय पाहून मले हो म्हणतीन?" इतकी वर्षं त्यांच्याकडे राहिले, पण त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. मुलगा यायला थोडेच दिवस राहिले होते. पुण्याला गेल्यावर काय होणार, हे त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांची ती नळी दिवसेंदिवस बारीक होत होती.

मी दोर घेतला. "चला तं," म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

नाक्यावर आलो. काकूंनी विचारायच्या आधीच पूर्वा दोर सोडून पळाली आणि नाक धरून भिंतीला पाठ लावून बैलांसमोर उभी राहिली. "काकू, आपण सारे इथं उभे राहू. मंग ते आपल्याले पाह्यतीन." बाकीची पोरंही धावली. भिंतीशी रांगेनं उभी राहिली, सगळ्यांची नाकं चिमटीत, आणि बैलांकडे पाहून हसत होती.

काकूंनी माझा दंड धरला. "आता काय पाहून राह्यले?"

"लेकरं पाहून राह्यले, काकू."

त्या बराच वेळ त्या दिशेला बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा आधीसारखा झाला. "पोट्टे बिचारे किती येळ उभे राह्यतीन?" त्या म्हणाल्या. "भितीवर चित्रच काढून टाकू. बैल फिरत नाई ना? मंग रस्ता फिरवू. जो रस्ता त्याईले दिसत होता तो इथं काढू."

पण भिंत शेठची. आणि शेठ आणि काकू यांच्यामध्ये ती लाल झेंडी होती. "मी गेली का भांडण होते," काकू म्हणाल्या. "तू जाय."

मी पूर्वाचा हात धरून गोदामाच्या दुकानात गेले. वाटेत वाक्य ठरवलं होतं. दारात उभं राहिल्यावर ते पार गेलं. शेठ हिशेबात होते. "काय पाह्यजे बाई? सरकीची ढेप?" मी मान हलवली. "मग?"

माझ्या तोंडून निघालं, "शेठजी, जरा बाहेर येता?"

काहीतरी झालंय असं समजून ते लगबगीनं चप्पल न घालताच आले. मी त्यांना चौथऱ्यापाशी, डाव्या बैलाच्या मानेजवळ नेऊन उभं केलं. आता काय बोलावं? मला एकच गोष्ट विचारता येत होती.

"शेठजी, बैल काय पाहून राह्यले?"

शेठनी समोर पाहिलं. नेमका त्याच वेळी एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानं मान वळवली, शेठना ओळखलं आणि कसाबसा सावरून राम राम केला. शेठ भिंतच पाहत होते. पानाच्या पिचकाऱ्या, ओल, फाटलेली जाहिरात, सगळं पाहून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "ये तो अपनीच दीवार है." आणि मग, "रोज मोटारीतून जातो इथून. इकडून कधी पाह्यलीच नाई." माझ्याकडे वळून विचारलं, "काय कराचं म्हणता?"

"चित्र काढाचं."

"कशाचं?"

मग मी बोलले. बैलांना आधी जे दिसायचं ते सगळं सांगितलं. मलकापूरकडून येणारा रस्ता, दोन्ही बाजूंनी कापूस, मध्ये सोयाबीनचा एक तुकडा. उजव्या हाताला वाकलेला कडुलिंब, त्याच्याखाली बिडी पिणारा म्हातारा. मोबाइलचा टॉवर आणि त्यावर कावळ्याचं घरटं. जिथं रस्ता वळतो तिथं एसटी आधी लाल ठिपक्याएवढी दिसते. आणि एकदम मागं डोंगराची निळी रेघ, ती सकाळी असते, दुपारी जाते. मला वाटतं, तोपर्यंतच्या माझ्या आयुष्यात मी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

शेठनी विचारलं, "तुमाले एवढं कसं काय ठाऊक?"

"काकूंले सांगत होती ना. दर शनिवारी."

"काढा," ते म्हणाले. "पण काकूले म्हणा, ती लाल झेंडी मले पुन्हा दाखवाची नाई."

शेठच्या माणसांनी भिंत धुऊन चुना दिला. आम्ही गेरू आणि नीळ कालवून सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला आणि डोंगर वाहून कापसात उतरला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "उतरू दे, किती वर्सं उभा राहीन?" मग शेठनी त्यांचे ट्रक रंगवणारा पेंटर पाठवला, ऑइलपेंटच्या उरलेल्या डब्यांसकट. मी उंची दाखवायची, तो रेघ ओढायचा, पोरं भरायची. लिंबाला त्यानं सवयीनं ट्रकवरची कमळं काढली. खाली कोपऱ्यात, तेही सवयीनंच, "फिर मिलेंगे" लिहून टाकलं. पूर्वानं रस्त्याच्या कडेला एक मांजर काढलं. तिथं मांजर कधीच नव्हतं. मी राहू दिलं.

खांदशेकणीच्या दिवशी काकूंचा मुलगा दुपारीच येऊन पोचला. संध्याकाळी तोही आमच्यामागं नाक्यावर आला. पोरांनी शिडी लावली, हळद लावली. शेठ आले, चहावाला आला, साहेबसुद्धा सायकलवर पाय टेकून उभे होते. काकूंनी दोराचं पुढचं टोक माझ्या हातात दिलं. "आज इंजिन तू."

"मी?"

"मंग काय तो बैल?"

मी बैलांसमोर उभी राहिले. इतकी माणसं होती, पण सगळी माझ्या समोर, बैलांच्या मागं. मी त्यांच्याकडे न पाहता बैलांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

सगळे गप्प. मुलानं घड्याळ पाहिलं. "आई, झालं ना? चल."

"थांब," काकू म्हणाल्या. "त्याईले इचार करू दे."

तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. मग काकूंनी मला जवळ बोलावून विचारलं, "आता सांग. काय पाहून राह्यले?"

मी सांगितलं. रस्ता, कापूस, लिंब, म्हातारा, टॉवर, घरटं, एसटीचा ठिपका, डोंगर. "अन् एक मांजर."

"मांजर कुठून आलं?"

"पूर्वानं काढलं."

काकूंनी मान हलवली. "मंग असन ते. आपल्यालेच दिसलं नसन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. दोर, शिट्टी आणि दोन्ही झेंड्या माझ्या पडवीतल्या खुंटीवर टांगून गेल्या. मोटार गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागच्या काचेतून तोंड वळवून ठेवलं होतं. त्यांना किती दिसलं असेल, सांगता येत नाही.

शनिवारची गाडी चालू आहे. संध्याकाळी काकूंचा फोन येतो. आज कुठं गेले, काय पाहून राह्यला होता, म्हातारा लिंबाखाली हाये का. डोळे आता जवळजवळ गेले आहेत. आवाज तसाच आहे.

या वर्षी पोळ्याआधी आम्ही नाक्यावर गेलो तर तिथं क्रेन उभी. साहेब घाम पुसत माझ्याकडे आले. "घ्या बाई. मोठ्या मुश्किलीनं आणली. काकूंना सांगा, बैल आज फिरले."

पोरं ओरडली, "नाई! नाई!" मला काही कळेना. काकूंनी ज्यासाठी एवढं केलं ते समोर उभं होतं. मी साहेबांना थांबवलं आणि फोन लावला. सगळं सांगितलं.

काकूंनी विचारलं, "आता गावात येणाऱ्याले आधी काय दिसते?"

"पाठ."

"अन् तो हात?"

"दिसते ना. परवा बसमधून एक बाई उतरली, तिनं आपल्या लेकराचा हात त्याच्यात ठेवून पाह्यला. मंग दोघं समोर गेले, बैलाची तोंडं पाह्यली, अन् फिरून भितीकडं पाहत राह्यले."

  पलीकडे काकू हसायला लागल्या. मोकळं, खूप वेळ, खोकला येईपर्यंत. "अवं, म्हणजे साऱ्या दुनियेले आधी मांगून पाहा लागते! म्या एवढे वर्सं गल्लीतल्या पोट्ट्याईले शिकवलं, अन् त्या क्रेनवाल्यानं एका दिवसात गावाले शिकवलं."

"मंग काय करू?"

"मले काय इचारते? इंजिन कोण हाये?"

मी फोन पूर्वाच्या हातात दिला आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, राहू द्या."

"अहो, तुम्हीच तर मागं लागल्या होत्या!"

"हो. पण आता बरोबर हाये. तुमी एकदा तिकून चालत या, म्हणजे कळन."

साहेब खरंच रस्त्यानं थोडं बाहेर गेले आणि चालत आले. बैलाच्या पुठ्ठ्यापाशी थांबले. इकडं तिकडं पाहून त्यांनी हात वर केला आणि त्या उमटलेल्या हातात ठेवला.

क्रेनवाला मात्र चिडला होता. वळायला जागा नव्हती, मागंच घ्यावी लागणार होती, आणि मागं वाहनांची रांग लागलेली. मी पोरांना चौथऱ्याला टेकून उभं केलं, रस्त्यावर गेले आणि लाल झेंडी धरली. रांग थांबली. रांगेत पुढून दुसरी मोटार शेठची होती. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

मग मी क्रेनच्या मागं, गार्ड उभा राहतो तिथं, उभी राहिले आणि हिरवी दाखवली.